अंडी फुटली, पिल्लं पोहायला लागली, आणि आठवड्यात टाकी रिकामी: सिक्लिड माशांना कधी काय खायला द्यायचं?

कोल्हापुरातल्या एखाद्या फ्लॅटचा हॉल. टीव्हीशेजारी अडीच-तीन फुटांचा फिश टँक, त्यात एंजल माशांची एक जोडी. एका सकाळी फिल्टरच्या पाइपवर बारीक मण्यांच्या रांगा चिकटलेल्या दिसतात. अंडी! फॅमिली ग्रुपवर फोटो जातो, पोरं शाळेतून आली की आधी टँकपाशी धावतात. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात, आणखी पाचेक दिवसांनी डोळ्याला जेमतेम दिसणारा पिल्लांचा ढग पोहायला लागतो. दुकानातून 'बेबी फिश फूड'ची डबी येते. चिमूटभर भुकटी सकाळी, चिमूटभर संध्याकाळी. आणि त्यानंतर चार-पाच दिवसांत पिल्लं निम्मी, मग पाव, मग एकही नाही.

दोष बहुतेक वेळा पाण्याला, नाहीतर 'नजर लागली' याला दिला जातो. खरं कारण बऱ्याचदा साधं असतं. पिल्लांसमोर खाद्य होतं, पण त्यांना ते खाद्य आहे हेच कळलं नव्हतं. आणि न खाल्लेली भुकटी तळाशी कुजत होती.

एंजल, डिस्कस, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, पॅरट, 'आफ्रिकन' म्हणून विकले जाणारे निळे-पिवळे मासे हे सगळे सिक्लिड कुळातले. घरच्या टाकीत सहज अंडी घालणारं हे कुळ आहे, त्यामुळे हौशी लोकांची पहिली पिल्लं अनेकदा याच माशांची असतात. अंडी मिळवणं सोपं, पिल्लं जगवणं अवघड, आणि या दोन्हींच्या मध्ये उभा असतो तो खाद्याचा प्रश्न.

सिक्लिड? तो तर बाजारातही मिळतो

नाव परदेशी वाटलं तरी या कुळातला एक मासा कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या लोकांनी खाल्लेला आहे. चिलापी. पुस्तकातलं नाव तिलापिया. मूळचा आफ्रिकेतला मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि पुढे तळी, धरणं, नद्या असा सगळीकडे पसरला. इतका पसरण्यामागचं एक कारण म्हणजे त्याची पिल्लं सांभाळायची पद्धत. मादी अंडी आणि पिल्लं स्वतःच्या तोंडात ठेवते. दुसरं कारण म्हणजे शेवाळ, गाळातला कुजका पाला, किडे, काहीही खाऊन तो जगतो.

भारताचे स्वतःचे सिक्लिड मात्र फक्त तीन. किनाऱ्यावरच्या खाड्यांत मिळणारा आणि गोव्यात काळुंदर म्हणून ओळखला जाणारा पर्लस्पॉट, त्याचा छोटा भाऊबंद ऑरेंज क्रोमाइड आणि कर्नाटकातला दुर्मीळ कॅनरा पर्लस्पॉट. केरळात पर्लस्पॉटला करीमीन म्हणतात आणि तो तिथला राज्यमासा आहे. गंमत म्हणजे त्याच्या शास्त्रीय नावात 'सुरत' आहे. १७९० मध्ये ब्लॉख या जर्मन अभ्यासकाने त्याला सुराटेन्सिस हे नाव दिलं.

जगभरात या कुळाच्या दीड हजाराहून जास्त जाती नोंदवल्या गेल्या आहेत. बहुतेकांमध्ये एक गोष्ट समान, ती म्हणजे अंडी घालून निघून न जाता पिल्लं राखणं. बाकी सवयी, विशेषतः खाण्याच्या, एकमेकींपासून फार लांब आहेत. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

एकच 'आफ्रिकन', पण पोटं वेगळी

दुकानात एका टाकीवर 'आफ्रिकन सिक्लिड मिक्स' अशी पाटी असते. आत आठ-दहा जातींचे मासे. त्यातले बरेच मलावी सरोवरातले 'म्बुना', म्हणजे खडकांवर राहणारे. खडकावरचं शेवाळ आणि त्यात अडकलेले बारीक जीव खरवडून खाणं हा यांचा दिवसभराचा उद्योग. शाकाहाराकडे झुकलेल्या माशांचं आतडं लांब असतं, कारण वनस्पती पचायला वेळ लागतो. अशा माशाला रोज ब्लडवर्म किंवा मांस दिलं तर तो ते आनंदाने खातो, पण काही दिवसांनी पोट फुगतं, खाणं बंद होतं, पांढरी तारेसारखी विष्ठा दिसते. हौशी लोक याला 'मलावी ब्लोट' म्हणतात. त्यामागे ताण, खराब पाणी, पोटातले जंतू अशी इतरही कारणं असतात, तरी चुकीचं खाणं हे त्यातलं टाळता येण्यासारखं कारण आहे. म्बुनांसाठी स्पिरुलिना जास्त असलेले दाणे हा मुख्य आहार. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून साल काढलेला मटार किंवा पालकाचं पान अधूनमधून.

त्याच टाकीतला पिवळाधमक 'यलो लॅब' म्बुनाच असतो, पण तो किडे-अळ्या टिपणारा. पीकॉक नावाने विकले जाणारे मासे वाळूतले जीव शोधून खातात. म्हणून मिक्स टाकीत मधला मार्ग धरावा लागतो. रोजचं खाद्य स्पिरुलिनाचं, आठवड्यातून एक-दोनदा थोडं ब्राइन श्रिम्प किंवा मोइना, आणि मांस अजिबात नाही. मांसाहारी माशाचं शाकाहाराकडे झुकलेल्या जेवणावर भागतं. शाकाहारी माशाचं उलट जेवणावर भागत नाही.

ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्नची तऱ्हा वेगळी. हे दांडगे, समोर येईल ते गिळणारे. त्यांना जिवंत गोल्डफिश टाकून त्याचे व्हिडिओ करायची हौस अनेकांना असते. ती महागात पडते. गोल्डफिशच्या शरीरात थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. असंच खाणं सतत चाललं तर माशाला त्या जीवनसत्त्वाची कमतरता होते. शिवाय स्वस्तात आणलेल्या त्या माशांबरोबर रोगही टाकीत येतात. चांगल्या प्रतीचे मोठे दाणे, सोललेली कोळंबी, गांडूळ यावर ऑस्कर उत्तम वाढतो.

डिस्कससाठी इंटरनेटवर 'बीफ हार्ट'च्या पाककृती भरपूर सापडतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय-बैलांच्या कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे इथले लोक बकऱ्याचं किंवा कोंबडीचं हृदय वापरायला बघतात. मटणाच्या दुकानात 'काळीज' मागितलं तर यकृत मिळेल, तेव्हा मागताना स्पष्ट सांगावं. पण ही सगळी खटपट गरजेची नाही. प्राण्यांची चरबी माशाला नीट पचत नाही आणि पाणी तेलकट होतं ते वेगळंच. कोळंबी आणि बिनकाट्याचा पांढरा मासा वाटून, त्यात पालक किंवा स्पिरुलिना मिसळून फ्रीझरमध्ये पातळ वड्या केल्या तर तेच काम जास्त स्वच्छ होतं. बाजारातलं मीठ लावलेलं सुकट मात्र यात नको.

आणि चुरमुरे? रंकाळ्यावर भेळ खाताना चार दाणे पाण्यात टाकायची सवय घरच्या टँकपर्यंत येते. चुरमुरे, ब्रेड, चपातीचा तुकडा यातलं काहीही सिक्लिडच्या कामाचं नाही. पिष्ट तेवढं पोटात जातं, उरलेलं पाणी नासवतं.

अंड्यांची तयारी अंड्यांच्या आधी

पिल्लू पहिल्या काही दिवसांत जे खातं ते आईने आधीच बांधून दिलेलं असतं, अंड्यातला पिवळा बलक. तो किती चांगला, हे मादीने आधीचे दोन-तीन आठवडे काय खाल्लं यावर ठरतं. म्हणून जोडी जमली की तिचं खाणं सुधारायचं. एकाच डबीवर न ठेवता आलटून पालटून चांगले दाणे, फ्रोझन ब्राइन श्रिम्प, मोइना, एंजल आणि डिस्कसला थोडे ब्लडवर्म. दिवसातून दोन-तीनदा, थोडं थोडं.

अंडी दिसली की हात आखडता घ्यायचा. राखण करणारे आई-बाप तसंही कमी खातात, आणि उरलेलं खाद्य अंड्यांजवळ कुजलं तर बुरशीला आमंत्रण. कोवळी जोडी पहिली एक-दोन वेळची अंडी स्वतःच खाऊन टाकते. ती भुकेली आहे असं समजून त्या वेळी जास्त खाद्य टाकणं ही नेहमीची चूक आहे. अनुभव नसणं, टँकसमोरची वर्दळ, अंडी न फळणं अशी कारणं त्यामागे जास्त असतात.

पहिले दहा दिवस

अंडी फुटल्यावर पिल्लं लगेच पोहत नाहीत. पाइपला किंवा पानाला चिकटून शेपटी वळवळवत राहतात. या काळात पोटाला लटकलेली बलकाची पिशवी हेच त्यांचं जेवण. एंजलमध्ये साधारण २७-२८ अंश तापमानाला हे पाचेक दिवस चालतं. या पाच दिवसांत काहीही खायला घालायचं नाही. तोंड उघडून खाण्याइतकी ती तयारच नसतात.

पिल्लं सुटी पोहायला लागली की घड्याळ सुरू होतं. बलक संपत आलेला असतो, आणि आता एक-दोन दिवसांत योग्य खाणं मिळालं नाही तर ती इतकी अशक्त होतात की नंतर खाद्य समोर आलं तरी टिपू शकत नाहीत. योग्य म्हणजे तीन गोष्टी: तोंडात मावेल एवढं, पौष्टिक, आणि हलणारं. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची. सिक्लिडचं पिल्लू नजरेने शिकार करतं. जे हलतं ते खाणं, जे स्थिर ते कचरा. दुकानातली भुकटी इथेच नापास होते.

या तिन्ही अटींत बसणारं, जगभर वापरलं जाणारं उत्तर म्हणजे ब्राइन श्रिम्पची नुकती जन्मलेली पिल्लं. आर्टेमिया नावाचा हा जीव खाऱ्या सरोवरांत आणि मिठागरांत राहतो, मुंबईच्या मिठागरांतही त्याची नोंद आहे. त्याची अंडी सुकवलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं टिकतात आणि खाऱ्या पाण्यात टाकली की एका दिवसात फुटतात. निघणारं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान, केशरी आणि सतत वळवळणारं.

घरी काढायची पद्धत अवघड नाही. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ. जाडं मीठ चालतं. पाणी किंचित अल्कधर्मी हवं, म्हणून चिमूटभर खायचा सोडा. प्लास्टिकची बाटली बूड कापून उलटी टांगली की तळ निमुळता होतो आणि अंडी कोपऱ्यात बसून राहत नाहीत. एअर पंपाची नळी थेट तळापर्यंत सोडायची आणि बुडबुडे जोरात ठेवायचे. लिटरला एक ग्रॅम अंडी, म्हणजे साधारण अर्धा छोटा चमचा, घरगुती गरजेला पुष्कळ झाली. वर एक दिवा. पाण्याचं तापमान २६ ते २८ अंश असेल तर २४ तासांत पाणी केशरी दिसतं.

मग पंप बंद करून दहा मिनिटं थांबायचं. फुटलेली टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी अगदी तळाशी बसतात, आणि जिवंत पिल्लं प्रकाशाकडे जातात. बाटलीच्या खालच्या भागाशी मोबाइलचा टॉर्च धरला की ती तिथे गोळा होतात. नळीने ओढून तलम सुती कापडातून गाळायची आणि साध्या पाण्याखाली धुवायची. धुणं विसरायचं नाही, नाहीतर रोज मीठ टाकीत जातं. टरफलंही शक्य तितकी वगळायची. पिल्लांनी ती गिळली तर पोटात अडकू शकतात.

एक गोष्ट पॅकेटवर सहसा ठळक लिहिलेली नसते. ब्राइन श्रिम्पचं पिल्लू स्वतःच्या बलकावर जगत असतं, त्यामुळे जन्मल्यापासून त्याचा पौष्टिकपणा तासातासाने घटतो. सकाळी निघालेली पिल्लं सकाळीच द्यावीत. उरलेली फ्रिजमध्ये ठेवली तर हा वेग मंदावतो. रोज ताजं मिळावं म्हणून दोन बाटल्या लावायच्या आणि एक दिवसाआड आळीपाळीने भरायच्या, हा सोपा मार्ग आहे.

पिल्लांनी खाल्लं की नाही, हे शोधायला भिंगाची गरज नाही. पारदर्शक पोटं केशरी होतात. खाद्य दिल्यावर पंधरा मिनिटांनी बहुतेकांची पोटं केशरी दिसली तर काम झालं. पोटं पांढरी राहिली तर काहीतरी चुकतंय. पहिल्या आठवड्यात असं दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं. नोकरी करणाऱ्याला हे जमत नसेल तर सकाळ, संध्याकाळ आणि झोपण्यापूर्वी असे तीन वेळा तरी हवेच. गोड्या पाण्यात ब्राइन श्रिम्प काही तासच जगतो, त्यामुळे सकाळी भरपूर टाकून दिवसभराची निश्चिंती होत नाही.

याला पर्याय? आहेत, पण उतरत्या क्रमाने. मायक्रोवर्म म्हणजे केसाहून बारीक पांढरे जंत. ओट्सच्या घट्ट लापशीवर थोडं यीस्ट घालून प्लास्टिकच्या डब्यात ते वाढवता येतात, खर्च जवळपास नाही. पण ते तळाशी बसतात आणि एंजलची पिल्लं मधल्या पाण्यात असतात. व्हिनेगर ईल नावाचे जंत जास्त वेळ पाण्यात तरंगत राहतात, म्हणून ते त्या मानाने बरे. इन्फ्युसोरियाची, म्हणजे केळीची साल किंवा कोबीचं पान कुजवून वाढवलेल्या सूक्ष्मजीवांची, शिफारस सगळीकडे दिसते. ती गौरामी किंवा फायटरच्या अतिबारीक पिल्लांसाठी आहे. बहुतेक सिक्लिडची पिल्लं पहिल्याच दिवशी ब्राइन श्रिम्प खाण्याइतकी मोठी असतात. आणि उकडलेल्या अंड्याचा बलक? आजोबांच्या काळापासून चालत आलेला उपाय. दुसरं काहीच हाताशी नसेल तेव्हा कापडातून पिळून अगदी थेंबभर, आणि अर्ध्या तासात तळ साफ करायची तयारी असेल तरच.

आई-बापाच्या अंगावरचं जेवण

डिस्कसच्या बाबतीत वरचं सगळं थोडं पुढे ढकलावं लागतं. डिस्कसची पिल्लं पोहायला लागली की थेट आई-बापाच्या अंगाला जाऊन भिडतात आणि त्यांच्या त्वचेवरचा चिकट स्राव खातात. एक थकला की दुसरा पुढे येतो, थव्याला अंग झटकून जोडीदाराकडे ढकलतो. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये या स्रावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पिल्लं असलेल्या काळात त्यातली प्रथिनं आणि रोगप्रतिकारक घटक वाढतात, असं त्यात दिसलं. पहिले दोन आठवडे आई-बाप पिल्लांजवळून हलत नाहीत, तिसऱ्या आठवड्यापासून मात्र अधूनमधून त्यांना टाळू लागतात. सस्तन प्राणी पिल्लांचं दूध तोडतात, त्याच्याशी मिळतंजुळतं.

म्हणून डिस्कसची पिल्लं घाईने वेगळी काढली तर सहसा मरतात. चार-पाच दिवस ती फक्त अंगावर राहू द्यायची, मग ब्राइन श्रिम्प सुरू करायचा, आणि दोन आठवड्यांनी वेगळं करायचा विचार. तोवर खरी काळजी आई-बापाच्या खाण्याची, कारण पिल्लांचं जेवण तिथूनच बनतंय.

यासाठी ॲमेझॉनपर्यंतही जायला नको. आपल्याकडच्या ऑरेंज क्रोमाइडची पिल्लंही आई-बापाच्या अंगावर टोचे मारून स्राव खातात, आणि त्यावर १९६० च्या दशकातच अभ्यास झाला आहे. हाच छोटा मासा मोठ्या पर्लस्पॉटच्या अंगावरचे परजीवी साफ करतो आणि संधी मिळाली की त्याचीच अंडीही खातो. घरात दोघांना एकत्र ठेवून पिल्लं हवी असतील तर हे ध्यानात ठेवावं.

तोंडात पिल्लं असताना

मलावीचे बहुतेक मासे चिलापीसारखेच. मादी अंडी तोंडात घेते आणि सुमारे तीन आठवडे जवळपास उपाशी राहते. गालफुगी मादी दाण्याकडे बघते, पण खात नाही. तिला खाऊ घालायचा आटापिटा करू नये. पिल्लं बाहेर सोडली की मात्र ती खंगलेली असते. तिला लगेच मोठ्या टाकीत न सोडता आठ-दहा दिवस वेगळं ठेवून हलकं खाणं द्यावं, नाहीतर नर पुन्हा मागे लागतो. पिल्लांचं इथे फार सोपं असतं. ती पूर्ण तयार होऊनच बाहेर येतात, एंजलच्या पिल्लांपेक्षा बरीच मोठी असतात आणि चुरलेलं स्पिरुलिना फ्लेक पहिल्या दिवसापासून खातात. पहिलीच पिल्लं वाढवून बघायची असतील तर सुरुवात इथून करणं शहाणपणाचं.

जिवंत खाद्य आणि नाल्याचं पाणी

ट्युबिफेक्स, म्हणजे लाल धाग्यांसारखे जंत, माशांना प्रचंड आवडतात. पण ते वाढतात कुठे? सांडपाण्याच्या गाळात. कोल्हापुरात शहराचं सांडपाणी घेऊन पंचगंगेकडे जाणारे जयंती, दुधाळी यांसारखे नाले आहेत, आणि अशाच ठिकाणी हे जंत फोफावतात, मग ते कुठल्याही शहरात असोत. नाल्यातले जंत वाहत्या पाण्यात दोन-तीन दिवस ठेवले तर पोटातली घाण बाहेर पडते, शरीरात साठलेले जड धातू मात्र तसेच राहतात. मोठ्या माशाला एकवेळ चालून जाईल, पिल्लांना देऊ नये. ब्लडवर्मही फ्रोझन आणि निर्जंतुक केलेलेच घ्यावेत. काही जणांना ब्लडवर्मची ॲलर्जी होते, हात खाजतात, शिंका येतात, डोळे सुजतात. चिमट्याने किंवा चमच्याने टाकलेलं बरं.

डासांच्या अळ्या हे माशांसाठी अव्वल खाद्य. तरीही घरी बादली भरून त्या वाढवायचा प्रयोग करू नये. डासाची अळी आठ-दहा दिवसांत उडून जाते, आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास नेमका घरातल्या साठवलेल्या पाण्यातच वाढतो. एक दिवस गाळायचं विसरलं की भोगावं सगळ्या गल्लीला लागतं.

त्यापेक्षा गच्चीवर मोइना वाढवावा. पाण्यातल्या पिसवांसारखा हा बारीक जीव उन्हात हिरव्या झालेल्या पाण्यावर किंवा अगदी थोड्या यीस्टवर वाढतो. टबावर मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधलं की डासांचा प्रश्न मिटतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातल्या पिल्लांसाठी तो उत्तम, आणि गोड्या पाण्यातला असल्यामुळे टाकीत खाल्ला जाईपर्यंत जिवंत राहतो.

गांडुळांबाबत एक छोटीशी गोम आहे. गांडूळ खताच्या बेडमधली लाल-पट्टेरी गांडुळं, म्हणजे आयसेनिया, डिवचली की कडवट पिवळसर द्रव सोडतात आणि बरेच मासे ती थुंकून टाकतात. बागेतल्या मातीतली साधी गांडुळं चालतात, अट एवढीच की तिथे कीटकनाशक किंवा तणनाशक मारलेलं नसावं. उसाच्या फडातून उचलून आणलेल्या गांडुळांबद्दल ही खात्री कुणी देऊ शकत नाही.

डबीवर काय बघायचं?

किंमत आणि माशाचा फोटो सोडून बाकी सगळं. घटकांच्या यादीत पहिलं नाव माशाच्या किंवा कोळंबीच्या भुकटीचं आहे की मैदा-मक्याचं? पिल्लांच्या खाद्यात प्रथिनं ४० टक्क्यांच्या पुढे हवीत. मोठ्या म्बुनांना त्याहून कमी चालतात. मत्स्यशेतीच्या गोणीतले स्वस्त दाणे कार्प माशांसाठी बनवलेले असतात, त्यात प्रथिनं कमी असतात.

रंगाबद्दल बरंच बोललं जातं. मासे लाल-केशरी रंगद्रव्यं स्वतः बनवू शकत नाहीत, ती खाण्यातूनच येतात. स्पिरुलिना, कोळंबी, झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क असलेलं खाद्य म्हणून उपयोगी पडतं. पण आठ दिवसांत रंग आणि फ्लॉवरहॉर्नचं टेंगूळ 'गॅरंटीने' वाढवणाऱ्या निनावी डब्यांपासून लांब राहावं. झटपट रंग आणण्यासाठी माशांना नराचे हार्मोन दिले जातात. अशा माशांच्या प्रजननावर त्याचा परिणाम होतो. ज्याला पिल्लं हवीत त्याच्यासाठी हा सौदा उलटाच.

प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिलेलं सुटं खाद्य कितीही स्वस्त असलं तरी ते कधी उघडलं, हे कळायला मार्ग नसतो. कोल्हापूरच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत उघडी डबी बुरशी धरते, आणि बुरशीतलं विष डोळ्यांना दिसत नाही. क जीवनसत्त्व तर डबी उघडल्यापासून घटतच जातं. महिना-दीड महिन्यात संपेल एवढीच छोटी डबी घ्यावी, कोरड्या हातांनी वापरावी, आणि खवट वास आला तर फेकून द्यावी.

भुकेपेक्षा जास्त मारतं ते उरलेलं खाद्य

प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे ४० टक्के प्रथिनं असलेल्या १०० ग्रॅम खाद्यात ६.४ ग्रॅम नायट्रोजन. माशाने खाल्लं तरी त्यातला मोठा भाग कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन पाण्यात येतो, न खाल्लेलं कुजलं तर सगळाच. पाणी जितकं गरम आणि अल्कधर्मी तितका अमोनिया जास्त विषारी. मलावीच्या माशांना अल्कधर्मी पाणी लागतं आणि पिल्लांच्या टाकीत हीटर असतो, म्हणजे धोका दोन्हीकडून.

म्हणून पिल्लांना जास्त वेळा खाऊ घालायचं असेल तर पाणीही जास्त वेळा बदलायला हवं. रोज तळ नळीने साफ करून पाव भाग पाणी बदलायचं. नळाचं पाणी क्लोरीन जाण्यासाठी आदल्या दिवशी भरून ठेवायचं किंवा क्लोरीन काढणारं औषध वापरायचं, आणि तापमान टाकीएवढं करूनच ओतायचं. स्पंज फिल्टर ठेवला की पिल्लं ओढली जात नाहीत, आणि स्पंजावर जमलेले सूक्ष्मजीव ती अधूनमधून टिपतही राहतात.

थंडी आणि पूर

डिसेंबर-जानेवारीत कोल्हापुरात रात्रीचा पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो. अशा वेळी ब्राइन श्रिम्पची बाटली खिडकीत ठेवली तर २४ तासांनी काहीच निघत नाही, आणि माणूस अंड्यांच्या कंपनीला शिव्या घालतो. वेगळा हीटर घ्यायची गरज नाही. हीटर असलेल्या टाकीतच बाटली अर्धी बुडेल अशी टांगली की झालं.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूरजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग काही दिवस बंद होता. फ्रोझन खाद्य आणि ऑनलाइन मागवलेली जिवंत कल्चर रस्त्यानेच येतात. जुलै-ऑगस्टमध्ये जोडी अंड्यावर येणार असेल तर ब्राइन श्रिम्पच्या अंड्यांचा हवाबंद डबा आणि मायक्रोवर्मचे दोन डबे आधीच घरात असावेत. दोन डबे अशासाठी की एक हमखास खराब होतो. वीज बराच वेळ गेली आणि फ्रीझरमधलं फ्रोझन खाद्य पूर्ण वितळलं, तर ते पुन्हा गोठवून वापरू नये. एअर पंपासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप मिळतो, तो जवळ ठेवावा.

दाण्यांवर कधी आणायचं?

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी. एकदम नाही. सकाळी पिल्लं सगळ्यात भुकेली असतात, तेव्हा आधी बोटांत चुरलेलं बारीक फ्लेक किंवा मायक्रो दाणे चिमटीच्या टोकाएवढे, आणि दहा मिनिटांनी ब्राइन श्रिम्प. काही पिल्लं आधी तोंडात घेऊन थुंकतात, दोन-तीन दिवसांनी गिळायला लागतात आणि बाकीची त्यांचं बघून शिकतात. चौथ्या आठवड्यापर्यंत निम्मं जेवण कोरडं आणि निम्मं जिवंत किंवा फ्रोझन, असा बदल होतो. याच काळात पिल्लांत लहान-मोठी असा फरक पडतो. मोठी सगळं खातात, लहान मागे राहतात. टाकी असेल तर दोन गट करावेत.

सहा ते आठ आठवड्यांत एंजलचं पिल्लू रुपयाच्या नाण्याएवढं होतं, पंख लांबतात, आकार ओळखू येतो. दुकानदार साधारण याच मापाला पिल्लं घ्यायला तयार होतात, तेही ती दाणे खात असतील तरच. एका वेळची शंभर-दीडशे पिल्लं घरात ठेवणं कुणालाच शक्य नसतं, म्हणून दुकानाशी बोलणं अंडी फुटायच्या आधी झालेलं बरं. उरलेली पिल्लं रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडायची नाहीत. तिथे आधीच सोडलेल्या एका सिक्लिडचं नाव चिलापी आहे.